दिमार्कोला काढलं ते बरोबर की चूक? बार्सिलोनातल्या ३-३ बद्दल सविस्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. ३० एप्रिल २०२५, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, पहिली लेग. बार्सिलोनात मोंजुइकच्या मैदानावर इंटर मिलान २-० ने पुढे होती आणि मॅच ३-३ वर सुटली. तू इंटरवाला, तुझा रूममेट बार्सावाला, आणि तुमचा वाद अजून मिटलेला नाही. इंटरचा तेव्हाचा कोच इन्झागीने ब्रेकला स्ट्रायकर लाउतारोच्या जागी तारेमीला का घातलं, ५६ व्या मिनिटाला डाव्या बाजूच्या दिमार्कोला का काढलं आणि काढायचंच होतं तर आधी का नाही काढलं, ७१ व्या मिनिटाला मिडफिल्डर चाल्हानोग्लूला बाहेर घेऊन फ्राटेसीला आणलं त्यात मॅच हातातून सोडली का. आणि शेवटचं म्हणजे ही बाहेरच्या मैदानावरची बरोबरी कमावलेली म्हणायची की घालवलेली.

मी कोल्हापुरात गेली बावीस वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतो, आणि सगळ्यात जास्त भांडणं मी बदली खेळाडूवरूनच बघितलीत, गोलवरून इतकी होत नाहीत. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगतो. बदल बरोबर होता की चुकला हे त्याच्यानंतर काय झालं यावरून ठरवू नको. त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत मैदानावर काय चाललं होतं ते बघ आणि त्यावरून ठरव. कोचकडे त्या क्षणी तेवढंच असतं, पुढचं त्याला दिसत नाही, आपल्याला दुसऱ्या दिवशी दिसतं. आणि दुसरं, बाहेर माणूस एकच जातो पण मोडते ती जोडी. दिमार्को एकटा खेळत नव्हता, त्याच्या मागे डिफेंडर बास्तोनी होता आणि आतल्या बाजूला मिडफिल्डर मिखितारियान होता. बार्साचा उजवा विंगर यमाल, त्याला थांबवायचा प्रश्न या तिघांचा होता.

आता दिमार्कोचंच बघू, कारण सगळा राग त्याच्यावर निघालाय.

इंटर तीन स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर, आणि दोन विंगबॅक, म्हणजे दोन्ही लाइनला मागे-पुढे पळणारे, घेऊन खेळते. बॉल समोरच्या टीमकडे असला की पाच जण मागे ओळीत येतात आणि ती ओळ मधे आवळलेली असते. मग बार्साने बॉल डाव्या बाजूला फिरवत ठेवला की इंटरची सगळी टीम तिकडे सरकते, आणि पेद्री किंवा डी यॉंग एका पासमधे बॉल उजव्या लाइनला यमालकडे पाठवतो. तेवढ्या वेळात दिमार्कोला आतून बाहेर दहा-पंधरा मीटर पळत जायचंय, आणि पोचल्या पोचल्या एकदम थांबायचंय, कारण न थांबता तसाच अंगावर गेला तर यमाल एका टचमधे त्याला मागे टाकतो. पळ, थांब, वळ. हे एकदा करून बघ मैदानावर, मग कळेल पायाला काय होतं ते. सरळ शंभर मीटर पळण्यापेक्षा हे जास्त दमवतं.

त्यात यमाल डावखुरा आणि उजवीकडून खेळतो, म्हणजे तो आत वळणार हे सगळ्या जगाला माहीत आहे. दिमार्कोही डावखुरा, त्यामुळे यमाल आत वळला की तो दिमार्कोच्या उजव्या, कच्च्या पायाच्या बाजूने जातो. ती बाजू कोणी झाकायची? मिखितारियानने. तो तेव्हा ३६ वर्षांचा, समोर १७ वर्षांचा पोरगा जो त्या दिवशी बार्सासाठी शंभरावी मॅच खेळत होता. २४ व्या मिनिटाला यमालचा गोल झाला तो बघ परत. उजवीकडून आत आला, दोघा-तिघांच्या मधून वाट काढली आणि डाव्या पायाने लांबच्या पोस्टला लावून आत टाकला. ते बघताना बॉलकडे बघू नको, आतल्या बाजूला किती मोकळं आहे आणि दुसरा माणूस किती उशिरा पोचतो ते बघ.

म्हणून ५६ व्या मिनिटाला कार्लोस आउगुस्तो आला तेव्हा लोकांना वाटलं की यमालला थांबवायला जास्त चांगला डिफेंडर आणला. तोही डावखुराच आहे, म्हणजे आतल्या बाजूचा प्रश्न जसाच्या तसा राहिला. बदलले ते पाय. ताजे, आणि अंगाने दांडगा माणूस. पहिली धाव वेळेवर निघायला लागली, बास. एवढ्यासाठी बदल करायचा का, तर हो, करायचाच. विंगबॅकची पहिली स्टेप उशिरा पडायला लागली की पुढचं सगळं उशिरा होतं, मग बास्तोनीला बाहेर यावं लागतं, मग अचेर्बीला त्याची जागा भरावी लागते, आणि बॉक्समधे माणसं कमी पडतात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बरीच वर्षं झाली, सतरा वर्षांखालची पोरं घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेलो होतो. आमच्याकडे कसं आहे, क्लब पाटाकडील असो, दिलबहार असो, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, सगळ्यांच्या मॅच शाहू स्टेडियमलाच. पेठेची माणसं बसायच्या जागा वेगळ्या असतील, पण मैदान एकच, त्यामुळे आमच्या पोरांना 'बाहेरचं मैदान' म्हणजे काय हे पहिल्यांदा गाव सोडल्यावरच कळतं. तिथे आम्ही २-० ने पुढे होतो. माझा लेफ्ट बॅक, खूप जिद्दी पोरगा, ब्रेकनंतर प्रत्येक धाव झाली की गुडघ्यावर हात ठेवून उभा राहायला लागला. मला दिसत होतं. समोरचा विंगर वळला की याची पहिली स्टेप अर्ध्या सेकंदाने मागे पडत होती. पण मी विचार केला की जमलेलं आहे, कशाला मोडायचं, अजून दहा मिनिटं बघू. त्या दहा मिनिटांत त्याच बाजूने दोन गोल झाले. परतताना एसटीत तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, सर, ब्रेकपासूनच पोटरीत गोळा येत होता. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, तुम्ही काढलं असतं.

खेळाडू सांगत नाही. ते कोचने बघायचं असतं. तेव्हापासून मी बॉल त्या बाजूला नसताना विंगबॅककडे बघतो, कारण बॉल जवळ असला की दमलेला माणूसही पळतो. बॉल लांब गेल्यावर तो चालत जागेवर येतो की पळत येतो, त्यात खरं काय ते दिसतं.

आता तुझा मुद्दा, आधी का नाही काढलं. इथे मी तुझ्या बाजूने आहे. नियम असा आहे की पाच बदल, पण ते करायला खेळ चालू असताना तीनच वेळा थांबता येतं. ब्रेकला केलेला बदल त्या तीनात धरत नाहीत, तो फुकट. इन्झागीने ब्रेकला एक बदल केला, लाउतारोचा, आणि तो त्याच्या हातात नव्हताच, लाउतारोचा स्नायू दुखावला होता. दिमार्कोचा बदल त्याच वेळी केला असता तर एक थांबा वाचला असता. पहिल्या हाफची शेवटची वीस मिनिटं बघितली तर त्या बाजूचं चित्र स्पष्ट होतं. मी केला असता.

पण त्याच्या जागी उभं राहून बघ जरा. एक स्ट्रायकर गेलेला. दुसरा, थुराम, नुकताच दुखापतीतून परत आलेला, तो नव्वद मिनिटं टिकेल का याची खात्री नाही. त्याच्या आधीच्या तीन मॅच टीम हरलेली, बोलोन्या, मिलान आणि रोमाकडून, आणि तिन्हींत एक गोल नाही. अशा वेळी पहिल्या मिनिटालाच दोन बदल खर्च करायला हात कचरतो. त्यात दिमार्को म्हणजे नुसता डिफेंडर नाही, दुसरा गोल त्याच्याच कॉर्नरवर झालेला, अचेर्बीने हेड मारून बॉल पुढे दिला आणि डम्फ्रीसने हवेत झेप घेऊन मारला. म्हणजे जो माणूस मागे त्रास देतोय तोच पुढे गोल देतोय. अकरा मिनिटं थांबला तो, त्याला मी उशीर म्हणेन, मूर्खपणा म्हणणार नाही.

तुझा रूममेट म्हणतो की २-० नंतर इंटर मागे बसली. हे मला पटत नाही. दुसरा गोल २१ व्या मिनिटाला आणि यमालचा २४ व्या मिनिटाला. तीन मिनिटांत कोणी मागे बसत नसतं. बार्साने त्यांना मागे ढकललं. बसणं आणि ढकललं जाणं यात फरक आहे आणि तो कसा ओळखायचा सांगतो: बॉल हिसकावल्यावर पहिला पास पुढे जातो का बघ. पुढे जायचा प्रयत्न होतोय आणि तो अडवला जातोय, तर टीम ढकलली गेलीय. पहिला पासच मागे गोलकीपरकडे, तर टीम बसलीय. त्या हाफमधे इंटर पुढे खेळायचा प्रयत्न करत होती, थुरामपर्यंत बॉल जात होता पण दुसरा माणूस जवळ नव्हता. ३८ व्या मिनिटाला पेद्रीने बॉल टाकला, राफिन्याने हेडने आत दिला आणि फेरानने २-२ केले.

तारेमीचं पटकन आटोपतो. लाउतारो जखमी, बेंचवर जे होतं त्यातून स्ट्रायकरच्या जागी स्ट्रायकर घातला. दुसरा रस्ता म्हणजे एक मिडफिल्डर वाढवून थुरामला एकटं सोडायचं. बार्साचा कोच फ्लिक, त्याची टीम डिफेन्सची ओळ इतकी वर ठेवते की मागे अर्धं मैदान मोकळं असतं, अशा टीमसमोर दोन माणसं पुढे ठेवली नाहीत तर त्यांचे स्टॉपर निवांत बॉल घेऊन वर येतात. तारेमीने त्या दिवशी काही मोठं केलं नाही हे मान्य. पण तो तिथे उभा होता म्हणून बार्साचे स्टॉपर कुबार्सी आणि इनिगो मार्टिनेझ मोकळे सुटले नाहीत, हे आकड्यात येत नाही.

फ्राटेसीच्या बदलावर मात्र मी थोडा अडतो. ६३ व्या मिनिटाला इंटरने परत आघाडी घेतली, ३-२, चाल्हानोग्लूचा कॉर्नर आणि डम्फ्रीसचा हेड. दोन मिनिटांत बार्साची बरोबरी, तीही कॉर्नरवरच. राफिन्याने लांबून मारलेला बॉल बारला लागून इंटरचा गोलकीपर झोमरच्या अंगावरून आत गेला, त्यात झोमरचा तरी काय दोष. मग ७१ ला चाल्हानोग्लू बाहेर. आता मोज. तीन गोलांपैकी दोन कॉर्नरवर. पहिला कॉर्नर मारणारा ५६ ला गेला, दुसरा ७१ ला गेला. शेवटची वीस मिनिटं कॉर्नर मिळाला तर मारणार कोण? पोरांच्या मॅचमधे सुद्धा मी खिशात चिठ्ठी ठेवतो, कोण बाहेर गेलं तर कॉर्नर कोणाचा, फ्री किक कोणाची, आणि समोरच्यांच्या कॉर्नरला तो ज्याला धरत होता त्याला आता कोण धरणार. आत जाणाऱ्या पोराला ती वाचून दाखवतो, मगच शिनगार्ड तपासायला रेफरीकडे पाठवतो. वरच्या लेव्हलला हे सगळं छापील असतं, असिस्टंट कोच फाइल उघडून दाखवताना टीव्हीवर तू बघितलं असशीलच. म्हणजे इन्झागीला माहीत नव्हतं असं नाही. त्याने किंमत मोजून निर्णय घेतला.

का मोजली? परत आधीची दहा मिनिटं बघ. बार्साचे लोक पुढे, मागे मोकळी जागा, आणि इंटरकडे त्या जागेत पळणारा मिडफिल्डर नाही. फ्राटेसी हाच धंदा करतो, बॉल नसताना बॉक्समधे पळत जाणं. चाल्हानोग्लू उभा राहून लांब पास देणारा. पण पास द्यायला पळणारा पाहिजे, आणि पळणारा आणला तर पास देणारा गेला. ही ओढाताण खरी आहे. माझा कल असा की चाल्हानोग्लूला अजून दहा मिनिटं ठेवून मिखितारियानला काढलं असतं. आणि बघ, ७५ व्या मिनिटाला मिखितारियानने बॉल जाळ्यात टाकला, बुटाच्या टोकाएवढ्या ऑफसाइडवर तो गोल गेला. तो गोल टिकला असता तर माझं हे मत ऐकायला कोणी थांबलं नसतं. तरी मत मी तेच ठेवलंय, कारण ते ७१ व्या मिनिटापर्यंत जे दिसलं त्यावर आहे.

निकालावरून बदल मोजला की काय होतं याचं माझं नेहमीचं उदाहरण २०१२ ची सेमीफायनल, बार्साच्या कॅम्प नोऊवर चेल्सीची २-२. तेव्हा बदल तीनच. त्यातला एक १२ व्या मिनिटाला गेला, चेल्सीच्या केहिलला दुखापत झाली आणि बोसिंग्वा आला. ३७ व्या मिनिटाला टेरीला रेड. दोन्ही स्टॉपर गेले, मग बोसिंग्वा आणि इव्हानोविच मधे, रामिरेस राइट बॅकला, आणि द्रोग्बा, सेंटर फॉरवर्ड, डाव्या बाजूला बॅकसारखा खेळला. ८० व्या मिनिटाला द्रोग्बा बाहेर, टोरेस आत. नव्वद मिनिटं संपल्यावर टोरेस अर्धं मैदान एकटा पळाला, गोल केला, आणि लोक म्हणतात काय बदल केला कोच डि माटेओने. अरे, टोरेसला गोलसाठी नव्हतं घातलं. द्रोग्बाचे पाय संपले होते आणि ते मागे पळायचं काम कोणीतरी करायला पाहिजे होतं. बदल बरोबरच होता, गोल झाला नसता तरी बरोबर होता. आणि मला विचारशील तर त्या मॅचचा खरा निर्णय रामिरेसला राइट बॅक करून सुद्धा पुढे पळायची मोकळीक दिली हा होता, पहिल्या हाफच्या शेवटी त्याने चिप मारून जो गोल केला तो त्यातूनच आला.

आता बरोबरी कमावली की घालवली. पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. बाहेरच्या मैदानावरच्या गोलाचा नियम होता, तेव्हा बाहेर ३-३ म्हणजे घरी ०-० केलं तरी फायनल. युएफाने २०२१ मधे तो नियम काढला. त्यामुळे त्या ३-३ चा अर्थ एवढाच होता की सान सिरोवर सगळं शून्यापासून. जुना नियम असता तर ७१ व्या मिनिटाला कोचने बहुतेक एक स्टॉपर वाढवला असता आणि दार लावून घेतलं असतं. नवीन नियमात दार लावून हातात काही पडत नाही, म्हणून पळणारा मिडफिल्डर आला. तुम्ही दोघं हा बदल 'डिफेन्सिव्ह की ॲटॅकिंग' म्हणून भांडताय, पण नियम बदलला तो हिशेबात धरतच नाही आहात.

आणि बाहेरची बरोबरी टीम काय किंमत देऊन घेते हेही बघावं लागतं. आपल्या भारताचंच घे. ९ ऑक्टोबर २०२५, सिंगापूरमधे एशियन कपची क्वालिफायर. ब्रेकच्या तोंडावर सिंगापूरच्या इख्सान फांदीचा गोल, ब्रेकनंतर लगेच ४७ व्या मिनिटाला आपला डिफेंडर झिंगनला दुसरं यलो, म्हणजे रेड, दहा जण उरले, आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीने १-१ केले. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो होतो. पण पाच दिवसांनी गोव्यात फातोर्ड्याला परतीची मॅच, त्यात झिंगन नाही. छांगतेने १४ व्या मिनिटाला आघाडी दिली, सिंगापूरच्या सोंग उई-योंगने ४४ आणि ५८ ला दोन मारले, आणि आपण घरच्या मैदानावर १-२ हरून स्पर्धेबाहेर गेलो. सिंगापूरची बरोबरी लढून घेतलेली होती यात वाद नाही, पण तिची किंमत फातोर्ड्यात भरली.

इंटरने काय किंमत दिली? लाउतारो. सहा दिवसांत तो उभा राहील का हाच प्रश्न होता. तो उभा राहिला, ६ मे ला सान सिरोवर पहिला गोल त्यानेच केला आणि पेनल्टीही त्यानेच मिळवली. तिथेही ५५ व्या मिनिटाला दिमार्को बाहेर आणि कार्लोस आउगुस्तो आत, अगदी तोच बदल, जवळपास तेच मिनिट. बार्सा ०-२ वरून ३-२ झाली, अचेर्बीने ९३ व्या मिनिटाला ३-३ केले, आणि ९९ व्या मिनिटाला तारेमीने दिलेल्या बॉलवर फ्राटेसीने चौथा मारला. ज्या दोन बदलांवरून तुम्ही भांडताय त्याच दोघांनी. पण याच्यावरून 'बघ, इन्झागी बरोबर होता' असं रूममेटला सांगू नको, मी वर जे म्हणालो ते इथेही लागू आहे. ३० एप्रिलचे बदल ३० एप्रिललाच मोजायचे.

म्हणून भावा, एक काम करा. दोघांनी मिळून ती मॅच परत लावा, ४६ ते ५६ एवढीच मिनिटं, आवाज बंद करून. बॉल सोडून द्या. तू फक्त बास्तोनीकडे बघ, रूममेटला मिखितारियानकडे बघू दे. बॉल यमालकडे गेला की बास्तोनी किती वेळा आपली जागा सोडून बाहेर येतो आणि मिखितारियान किती वेळा आत झाकायला वेळेवर पोचतो, हे कागदावर रेघा मारून मोजा. दोघांच्या रेघा शेजारी ठेवा आणि मला सांगा, तुम्ही असता तर आधी कोणाला काढलं असतं.